हळदीची हार्ड डिस्क

लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचं काम मी घरूनच करते. नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटची मागची बाल्कनी खिडक्या लावून बंद करून घेतली आहे. तिथं कॉम्प्युटर, दोन स्क्रीन आणि पाय हलवायला जेमतेम जागा. शूटिंग माझा दीर करायचा. तो उलव्याला राहतो. उलव्यापासून उरणपर्यंतच्या गावांत हळद असो की साखरपुडा, लोक आधी त्याची तारीख विचारतात आणि मग हॉलची. त्याचं नाव उगाच झालेलं नाही. रडू फुटायच्या आधी नवरीच्या आईचा ओठ क्षणभर हलतो, तेवढा क्षण त्याला नेमका सापडतो. मात्र जे सापडलं ते माझ्यापर्यंत नीट आणून पोचवायचा त्याला मनस्वी कंटाळा.

पोचवायचं म्हणजे एका हार्ड डिस्कमधून. कॅमेऱ्यांच्या कार्डांवरचं सगळं तो आपल्या लॅपटॉपवरून बाहेरून लावायच्या डिस्कवर उतरवायचा. मग ती डिस्क स्कूटरच्या डिकीत, हेल्मेट आणि रेनकोटच्या मधे कोंबून माझ्याकडे आणायचा. मी ती माझ्या मशीनला लावायची, माझं काम संपलं की ती परत त्याच्याकडे. त्याचा लॅपटॉप एका जातीचा, माझा कॉम्प्युटर दुसऱ्या. दोघांनाही वाचता यावी म्हणून डिस्कची मांडणी मधली, तडजोडीची ठेवलेली. ही मांडणी सोयीची असते पण नाजूक असते. तिला मधेच तोडलेलं खपत नाही.

डिस्क काढायची एक रीत आहे. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातल्या चिन्हावर जायचं, इजेक्ट करायचं, आता काढायला हरकत नाही असं मशीन म्हणालं की डिस्कवरचा दिवा शांत होऊ द्यायचा आणि मग वायर काढायची. मी ही रीत पाळते, पण मशीन पाळू देईल तर ना! निम्म्या वेळा ते सांगतं, डिस्क वापरात आहे. कोण वापरतंय, ते सांगत नाही. मी तर सगळं बंद केलेलं असतं. मग शोधायला लागायचं. कधी एडिटिंगचं सॉफ्टवेअर वरून बंद दिसतं पण आतून जिवंत असतं, कधी अँटिव्हायरस एकेक फाइल हुंगत बसलेला असतो. काहीच हाती लागलं नाही की सरळ अख्खं मशीन बंद करायचं आणि मग डिस्क काढायची. तोवर खाली दिराचा हॉर्न वाजत असायचा आणि माझं डोकं फिरायला लागायचं. हॉर्नवरून की मशीनवरून, ते मलाच कळायचं नाही.

त्याची स्वतःची रीत सोपी होती. कॉपीची खिडकी बंद झाली की वायर ओढायची. मी त्याला किती वेळा समजावलं असेल. कॉपी झाली असं दिसलं तरी शेवटचा थोडा माल मशीनच्या हातातच असतो, डिस्कवर ठेवायचा राहिलेला असतो, त्या क्षणी ओढलीत तर कुठली फाइल कुठं ठेवली हेच डिस्क विसरेल. तो ऐकून घ्यायचा, मान डोलवायचा आणि म्हणायचा, "वहिनी, आजपर्यंत काही झालंय का?"

ह्या प्रश्नाला उत्तर नसतं. ज्या दिवशी उत्तर मिळतं त्या दिवशी ते कुणालाच नको असतं. मी त्याला दुसरी एक डिस्क घेऊन दिली होती. म्हटलं, निदान सगळं दोन ठिकाणी उतरवत जा आणि मी हो म्हणेपर्यंत कार्डं कोरी करू नका. तो बरं म्हणाला. ती डिस्क उलव्याच्या घरी कपाटात खोक्यासकट पडून राहिली.

तर ती हळद. उरणच्या बाजूचं गाव, पूर्वीची शेती आणि मिठागरं असलेलं घर, आता मुलाचे ट्रेलर बंदरावर चालतात. माझं सहसा पार्टीशी बोलणं होत नाही, पण मुलीच्या वडिलांनी माझा नंबर दिराकडून मिळवला होता. फोन उचलल्या उचलल्या त्यांनी सुरुवातच केली.

"हळदीला बेंजो हाय आमच्याकडं. त्याचाच आवाज ठेवा. वरून हिंदी गानं नाय पायजे."

बेंजो म्हणजे आमच्याकडच्या हळदीतलं वाजंत्र्यांचं पथक. मी म्हटलं, काका, आधी शूटिंग तर होऊ दे. ते म्हणाले, शूटिंग होईलच, तुम्ही गाणं लावू नका. नंतर पुन्हा एकदा फोन, पुन्हा तेच. हळदीच्या आदल्या दिवशी तिसऱ्यांदा. ह्या वेळी मी जरा चिडूनच बोलले की लक्षात आहे माझ्या. नंबर मी 'बेंजो काका' म्हणून सेव्ह करून ठेवला, म्हणजे चौथ्यांदा आला तर मनाची तयारी असावी.

हळद झाली, दुसऱ्या दिवशी लग्न झालं. त्याच दिवशी संध्याकाळी दिराला पेणकडे आणखी एक हळद होती. सीझनमध्ये असंच असतं. जेवणावळ उठत होती तेव्हा तो गाडीत बसून मांडीवरच्या लॅपटॉपवर कार्डं उतरवत होता. हे मला नंतर त्याच्याच तोंडून कळलं. वाटेत ट्रेलरची रांग लागलेली, पेणहून फोनवर फोन. कॉपीची खिडकी बंद झाली, त्यानं वायर ओढली, लॅपटॉप मिटला. मग पुढच्या हळदीला मोकळी जागा हवी म्हणून सगळी कार्डं कोरी केली.

दोन-तीन दिवसांनी त्यानं मला डिस्क आणून दिली. मी लावली. दिवा लागला, आतली चकती फिरल्याचा बारीक आवाज आला, आणि स्क्रीनवर चौकोन आला: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. करायची का?

ह्या चौकोनाचा मला सगळ्यात जास्त राग येतो. डिस्क वाचता येत नाही असं सांगायचं सोडून ते पुसून टाकायची परवानगी मागतं, आणि तीही अशा साळसूदपणे, की घाईतला माणूस हो म्हणून बसेल. मी नाही म्हटलं. दुसऱ्या पोर्टला लावली, वायर बदलली, मशीन बंद करून परत चालू केलं. तोच चौकोन. नवरा न्हावा शेव्याला क्लिअरिंगच्या ऑफिसात आहे. त्यानं ऑफिसचा लॅपटॉप घरी आणला, त्यावर लावून पाहिली. तिथंही तोच चौकोन, फक्त अक्षरं बारीक.

दिराला बोलावून घेतलं. तो खुर्चीत बसला, चौकोन वाचला आणि म्हणाला, फॉरमॅट करून टाकू, नंतर सॉफ्टवेअरनं सगळं परत मिळतं, त्याच्या एका मित्रानं केलंय. मी माउस त्याच्या हातातून काढून घेतला. त्याला विचारलं, कार्डं? कोरी केली. सगळी? सगळी. तिसऱ्या कॅमेऱ्याचं पण? स्टँडवर उभा करून ठेवलेला एक कॅमेरा असतो, त्यासाठी उरणजवळच्या मोऱ्याचा एक कॅमेरामन त्यानं हळदीच्या दिवसापुरता घेतला होता.

"सगळी म्हणजे सगळी, वहिनी. किती वेळा तेच?"

दुसरी डिस्क? ती अजून खोक्यातच. नवरा म्हणाला, तुम्ही दोघं भांडून ती उघडणार आहे का? मला नवऱ्याचाही राग आला, कारण तो बरोबर बोलत होता आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

त्याच आठवड्यात एका सकाळी दिराचा फोन आला. आवाज बसलेला. म्हणाला, "वहिनी, ते काका गेले."

मी विचारलं, कोण काका?

"बेंजोवाले. चहा पिताना छातीत दुखलं म्हणे. हॉस्पिटलपर्यंत पण नाही पोचले."

मी पोळ्या करत होते. गॅस बंद केला. मनात पहिलं काय आलं असेल तर ती काळी डिस्क, टेबलावर टॉवेलवर ठेवलेली. माणूस गेल्याचं दुःख त्याच्यानंतर आलं. मी त्यांना कधी पाहिलंही नव्हतं.

जुन्या पनवेलला डेटा रिकव्हरी करणारे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे डिस्क दिली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, फॉरमॅट तर नाही ना केली? मी नाही म्हटल्यावर ते जरा खुश झाले. म्हणाले, मग काहीतरी निघेल. फोटो आधी निघाले, जवळजवळ सगळे, दहाव्याच्या आधीच. गावाच्या नाक्यावर लावायच्या श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी काकांच्या मुलाला त्यांचा फेट्यातला फोटो हवा होता, तो दिरानं पाठवला. एवढं झालं, म्हणून दिराला वाटलं की बाकीचंही होईल. मुलानं व्हिडिओचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, एडिटिंग चालू आहे. हे त्यानं मला कौतुकानं सांगितलं, जणू प्रसंग निभावून नेला.

मी त्याला म्हटलं, असं का सांगितलंत? तो म्हणाला, मयताच्या घरी आणखी वाईट बातमी कशी द्यायची. तसं ऐकायला ते माणुसकीचं होतं. पण निस्तरायचं मला होतं.

व्हिडिओच्या फाइली रिकव्हरीवाल्यांनी एका नव्या डिस्कवर भरून दिल्या. नावं गेलेली, नुसते आकडे. हळद कुठली, लग्न कुठलं, काही कळायला मार्ग नाही. एकेक उघडून बघायची. उघडली तर काळा पडदा. पुढची उघडली तर सॉफ्टवेअरच बंद पडायचं. काही फाइलींत चित्र अर्धं वर आणि अर्धं हिरव्या पट्ट्यांत विरघळलेलं. मोठी फाइल डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी ठेवलेली असते आणि ते तुकडे जोडायचा नकाशाच गेला होता. छोट्या क्लिपा तेवढ्या वाचल्या: नारळ, आंब्याची पानं, हळदीची वाटी, मेंदीचे हात, वरून दिसणारा मांडव. दिराला हौस म्हणून घेतलेले शॉट. माणसं चालती-बोलती दिसतात त्या लांबलचक फाइली मेलेल्या. एका फाइलीत आवाज नीट होता, बेंजो जोरात चालू होता, पण चित्र एका खांबावर गोठलेलं. मी ती शेवटपर्यंत ऐकली. चित्र हललं नाही.

रोज सकाळी नवरा कामाला गेला की मी हे करायला बसायची आणि संध्याकाळी उठायची. बाकीची कामं मागे पडली. लोक आपापल्या लग्नांचे व्हिडिओ मागत होते, त्यांना मी तुसडेपणानं उत्तरं द्यायला लागले. खिडकीच्या फटीतून धूळ यायची, मी कीबोर्ड पुसायची, आणि पुसतानाही मनातल्या मनात दिराशी भांडत असायची. सगळ्यात जाचायचं ते हे, की ह्यात कुणी वाईट वागलेलं नव्हतं. फक्त एक वायर क्षणभर आधी ओढली होती.

मग एका दुपारी माझा फोन वाजला आणि वर नाव आलं, बेंजो काका.

उचलला तर मुलगा होता. वडिलांच्या फोनमध्ये त्याला माझा नंबर सापडला होता. तो शांतपणे बोलला. म्हणाला, ताई, एडिटिंग नका करू, गाणी नकोत, काही नको, हळदीतला वडील असलेला भाग आहे तसा द्या. आई जेवत नाही. पाहुण्यांच्या मोबाइलमधलं त्यानं सगळं गोळा केलं होतं. मुलींचे नाच होते, बेंजो होता, पण वडील कुठंच नव्हते, ते मागे धावपळीत. तुमच्या कॅमेऱ्यात असणारच, तो म्हणाला.

मी म्हटलं, मी घरी येऊन बोलते.

दिराला गाडी काढायला लावली. तो यायला तयार नव्हता. वाटभर ट्रेलरच्या मागे आमची गाडी सरकत होती आणि तो एकच बोलत होता: तुम्ही बोला, मला नाही जमणार.

"शूट तुम्ही केलंय, भावोजी," मी म्हटलं. "तुम्हीच बोलायचं. मी बाजूला बसेन."

मांडव उतरवला होता पण बांबूंसाठी खणलेले खड्डे अंगणात तसेच होते. काकूंना ओटीवर भिंतीला टेकून बसवलं होतं. बाजूला मुलगा. पाणी आलं, कुणी प्यायलं नाही. दिरानं सुरुवात केली. म्हणाला, डिस्क खराब झाली, त्यामुळं थोडा प्रॉब्लेम झालाय. मला ते ऐकवेना. मी म्हटलं, सगळं सांगा. मग त्यानं सांगितलं. पेणला जायचं होतं, वायर घाईत ओढली, कार्डं कोरी केली, आणि एडिटिंग चालू आहे म्हणालो ते खोटं होतं. सांगताना तो फरशीकडे बघत होता.

मुलगा उठून अंगणात गेला, परत आला. म्हणाला, "तुम्हाला दुसऱ्याच्या मांडवात जायची घाई होती." एवढंच. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

काकूंना नीटसं कळलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, म्हणजे नाचताना दिसणार नाहीत? मी नाही म्हटलं. बोलताना? नाही. मी म्हटलं, फोटो सगळे आहेत काकू, चांगले आलेत.

"फोटोत गप हायत गो बाय," त्या म्हणाल्या. "गप बसनारा मानूस नवता तो."

त्यानंतर काही दिवसांनी मोऱ्याच्या त्या कॅमेरामनचा फोन आला. मी त्याला ओळखत नव्हते, त्यानं स्वतःच ओळख करून दिली. त्याच्याकडे कॉम्प्युटर नाही, त्यामुळे कामं मिळवायला दाखवायचे म्हणून त्याला आपल्या कॅमेऱ्यातले एक-दोन शॉट हवे होते, मी एडिट करताना बाजूला काढून ठेवीन का, असं विचारत होता. मी त्याला थोडक्यात सांगितलं की काही उरलेलं नाही. तो गोंधळला.

"माझं कार्ड तर भरलेलंच हाय," तो म्हणाला. "दादांनी उतरवून घेतलं आन बोलले, कोरं कर म्हनून, पन मग माझं काम नव्हतं कुठं. तसंच ऱ्हायलं पाकिटात."

दिराला किती वेळा विचारलं होतं, सगळी म्हणजे सगळी का? त्यानं ह्याला सांगितलं होतं, कोरं कर, आणि केलं असेलच असं धरून चालला होता. आणि मी? मी दिराला विचारलं, ह्या माणसाला विचारायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आम्ही हिरव्या पट्ट्या बघत बसलो आणि ते कार्ड ह्याच्या पाकिटात, सुट्ट्या नोटांच्या मागे. आनंद व्हायला हवा होता. मला आधी संतापच आला.

त्याला म्हटलं, ते कार्ड कशातही घालू नकोस, मोबाइलमध्ये नाही, कॅमेऱ्यात नाही. कडेला बारीक खटका असतो तो लॉककडे सरकव आणि ये. तो त्याच दिवशी आला. कार्ड त्यानं बायकोच्या कानातल्याच्या डबीत घालून आणलं होतं.

माझ्या मशीनवर मी ते उतरवलं, मग एका डिस्कवर, मग दुसऱ्या डिस्कवर. प्रत्येक ठिकाणी फाइल उघडून पुढेमागे करून बघितली. मग डिस्क काढायला गेले, तर मशीन म्हणालं, वापरात आहे. मी हात मांडीवर ठेवून बसले. कॅमेरामनला वाटलं काही बिघडलं. मी म्हटलं, काही नाही, थांबायचं आहे. एकेक सॉफ्टवेअर बंद केलं. पुन्हा तेच. शेवटी अख्खं मशीन बंद केलं, पंखा थांबला, दोन्ही दिवे विझले, तेव्हा वायर काढल्या. त्याच्या चहावर साय धरली होती.

तो कॅमेरा मांडवाच्या कोपऱ्यात स्टँडवर उभा होता. तोंड दाराकडे. असल्या कॅमेऱ्यातलं मी सहसा मिनिटभरही वापरत नाही, एकाच जागेवरून लांबलचक काहीतरी चाललेलं असतं. पण दारात काका होते. येत होते, जात होते. पाण्याचा टँकर उशिरा आला म्हणून कुणावर तरी ओरडत होते. एका म्हातारीला बसवायला त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं खुर्ची पुसली. बेंजोवाले मधेच जेवायला उठले तर त्यांच्या मागे जाऊन हात हलवत भांडले, आणि मग स्वतःच त्यांच्यासाठी ताटं घेऊन आले. एकदा सरळ कॅमेऱ्याकडे आले, इतके जवळ की चेहरा मावेना, आणि म्हणाले, "ह्यो चालू हाय, का नुसता उभा केलाय?" मागून कॅमेरामनचा आवाज आला, चालू हाय काका.

नाचताना मात्र ते नव्हते. नाच मांडवाच्या दुसऱ्या टोकाला झाला होता.

मी फक्त ते दिसतात तेवढे भाग जोडले, बाकी काही केलं नाही. पेनड्राइव्हवर घातलं आणि घेऊन गेले, ह्या वेळी नवऱ्याबरोबर. तिथं टीव्हीनं पेनड्राइव्ह वाचायला नकार दिला. मला वाटलं, आता मी इथंच रडते. पण लॅपटॉप घेतला होता बरोबर. काकूंच्या समोर स्टुलावर ठेवला. सुरुवातीला त्या भिंतीला टेकूनच बघत होत्या. टँकरचं भांडण आलं तशा त्या पुढं सरकल्या.

"मी सकालीच बोललेली, टँकर बोलव म्हनून," त्या स्क्रीनला म्हणाल्या. "आयकलं का? नाय. आता वरडतोय."

मग तसंच चाललं. ते आत काहीतरी बोलायचे, ह्या बाहेरून उत्तर द्यायच्या. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता. चेहरा जवळ आला तेव्हा काकू मला म्हणाल्या, बंद कर आता, उद्या बघीन. त्यांना जेवायला वाढा म्हणून मी आत सांगून आले. थोडं जेवल्या. लॅपटॉपमधून आपल्या कॉम्प्युटरवर घ्यायला मुलानं त्याची डिस्क आणली होती. सगळं उतरल्यावर त्यानं वायरला हात लावला, मग थांबला आणि मला विचारलं, काढू का?

दिराला मी ह्यानंतर सांगितलं की पुढे डिस्क घेऊन यायचं नाही. कॅमेऱ्याची कार्डं घेऊन यायचं, उतरवून मी घेईन, आणि मी परत देईन तेव्हाच ती कोरी करायची. त्याला ते फार लागलं. म्हणाला, एवढी वर्षं काम केलं आणि आता विश्वास नाही. मी म्हटलं, विश्वासाचा प्रश्न नाही, वायरचा आहे. त्याला ती चेष्टा वाटली, मी चेष्टा केलीच नव्हती. आता त्याचं काम उलव्यातलाच कुणीतरी एडिटर करतो. गणपतीत तो घरी आला, जेवला, नवऱ्याशी क्रिकेटवर बोलला. जावेनं मला स्वयंपाकघरात सांगितलं की हल्ली प्रत्येक लग्नाच्या दोन डिस्क होतात. मग हे आधी का नाही, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी पुऱ्या लाटत राहिले.

आणि परवा त्या मुलीचा फोन आला. जिचं लग्न होतं तिचा. इतक्या महिन्यांत आम्ही कुणीच तिला फोन केला नव्हता, आमचं सगळं लक्ष तिच्या वडिलांपाशी अडकलेलं. ती सासरी उरणला असते. भावानं दिलेलं तिनं पाहिलं होतं, वडील दिसले म्हणून माझे आभार मानले. मग जरा चाचरत म्हणाली, "ताई, माझ्या लग्नाचं काहीच नाही का? त्यात मी फक्त पाठमोरी दिसते. एकदाच."

काय काय उरलंय ते मी तिला मोजून सांगितलं. फोटो आहेत, हळदीची वाटी आहे, मेंदीचे हात आहेत, ते तुझेच आहेत बहुतेक, आणि खांबावर गोठलेल्या चित्रामागचा बेंजो आहे. एवढ्यातून काहीतरी करून देते म्हटलं. ती म्हणाली, बरं, घाई नाही.

सध्या तेच करते आहे. फोटोंच्या खाली तो आवाज लावून बघते आहे. नीट बसत नाही अजून.